साठ ग्लास पन्हं : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला चार दिवस उरले होते आणि बायकोचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. गच्चीवर ओल्या फरशीवरून पाय घसरला होता. बोलावणी आधीच गेलेली: साठ बायका, शुक्रवार, संध्याकाळी पाचनंतर. "डाळ वाटायला आई येतीय," ती म्हणाली, "पन्हं तेवढं तुम्ही करा. त्यात काय, कैऱ्या उकडायच्या आणि गूळ घालायचा."

त्या 'त्यात काय'मध्ये माझे तीन दिवस गेले. बुधवारी केलेल्या पन्ह्याचा गुळांबा झाला. गुरुवारी रात्री दहा लिटर पन्हं नीट जमलं, म्हणून खूश होऊन पातेल्यावर ताट झाकून झोपलो. शुक्रवारी दुपारी दोन वाजता झाकण काढलं तर वर फेस, आणि वासाने नाक आक्रसलं. एप्रिलमधलं सोलापूर, पत्र्यांखालचं स्वयंपाकघर, पाणी घालून ठेवलेलं गोड पन्हं. ते आंबणार नाही तर काय होणार!

शेजारच्या अक्का तेवढ्यात डोकावल्या. "काय करलालाव ओ दादा?" मी पातेलं दाखवलं. त्यांनी वास घेतला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "टाका ते मोरीत. दोन तासात होतंय की नवीन." आणि झालं. त्या दोन तासांत जे शिकलो, आणि पुढच्या काही उन्हाळ्यांत स्वतः करून जे कळलं, ते इथे क्रमाने लिहितोय. आईच्या हाताखाली शिकलेल्यांना यातलं बरंच माहीत असेल. माझ्यासारख्या सरळ पातेल्यापाशीच उभ्या केलेल्यांसाठी हा लेख आहे.

१. कोणतं पन्हं करायचं ते आधी ठरवा

पन्ह्याच्या तीन वाटा आहेत. त्यांची सरमिसळ केली की घोळ होतो.

पहिलं उकडलेल्या कैरीचं: गर, गूळ, वेलची. आपल्याकडे हळदीकुंकवाला देतात ते हेच, आणि टिकतंही हेच.

दुसरं कच्च्या कैरीचं. कैरी किसायची, गूळ-पाण्यात तासभर ठेवायची, पिळून गाळायची. याला कैरीचा ताजा हिरवा वास असतो आणि उकडण्यात बरंचसं जाणारं सी जीवनसत्त्व यात राहतं. पण ते त्याच दिवशी संपवावं लागतं, आणि साठ जणांसाठी किसत बसलात तर बोटांची सालं निघतील. दोन माणसांपुरतं करायचं असेल तर मला हेच जास्त आवडतं.

तिसरं भाजलेल्या कैरीचं. गॅसवर वांग्यासारखी कैरी भाजायची, मग जिरेपूड, पादेलोण, पुदिना. उत्तरेकडचा हा प्रकार चवीला फर्मास आहे, पण गोड पन्हं मागणाऱ्या पाहुण्याच्या हाती तो दिला तर तोंड वाकडं होतं.

पुढे जे सांगतोय ते पहिल्या प्रकाराबद्दल.

२. कैरी : इथे घाई करू नका

पन्हं निम्मं बाजारातच ठरतं. मी लक्ष्मी मार्केटमध्ये घेतो, कधी मंगळवार बाजारात. विकणारी मावशी मराठीत भाव सांगते, शेजारणीशी कन्नडमध्ये बोलते आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तेलुगूत पटवते. 'आंबट हाय का?' असं विचारून उपयोग नाही. आंबटच सांगणार. एक फोड कापून मागा. देतात.

काय बघायचं:

कैरी हाताला दगडासारखी लागली पाहिजे. अंगठ्याने दाबून जरा जरी दबली तर ती पाडाला आलेली आहे. देठापाशी नाक लावा. तिथे पिकल्या आंब्याचा गोडसर वास येत असेल तर बाजूला ठेवा. फळ पिकायला लागलं की आम्ल कमी होतं, आतल्या पिठुळपणाची साखर होते, आणि पन्हं मिळमिळीत लागतं. रंगही पिवळट येतो.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे फार कोवळी कैरी. कापल्यावर सुरी कोयीतून लोण्यासारखी आरपार गेली, आत पांढरी मऊ बी दिसली, तर ती लोणच्याला किंवा मीठ-तिखट लावून खायला ठीक. पन्ह्यात तिचा तुरटपणा उतरतो आणि गरही मिळत नाही. आपल्याला जून पण कच्ची कैरी हवी: कोय टणक, आतला गर पांढरट-हिरवा.

जात कुठली? गावरान कैरी सगळ्यात आंबट आणि वासाची, पण रेषा फार. तोतापुरी लांबट, चोचीची, सहज मिळते. तिचा गर भरपूर निघतो, पण आंबटपणा बेताचा. मी दोन्ही मिसळतो: दोन वाटे गावरान, एक वाटा तोतापुरी. नुसती तोतापुरीच मिळाली तर गूळ कमी लागेल एवढं लक्षात ठेवा.

वळीव झोडपून गेला की दुसऱ्या दिवशी पडीच्या कैऱ्यांचे ढीग स्वस्तात लागतात. जरूर घ्या, पण त्याच दिवशी उकडा. मार लागलेला भाग आतून काळा पडतो आणि एक काळी फोड सगळ्या गराला कडवट करते.

आणि सापळा हा: शुक्रवारच्या कार्यक्रमासाठी रविवारी कैऱ्या आणून टोपलीत ठेवू नका. सोलापूरच्या उकाड्यात त्या तीन दिवसांत पाडाला येतात. आणलं की उकडायचं. गर थांबतो, कैरी थांबत नाही.

३. सामान काढून ठेवा

एक किलो कैरीचा हिशेब सांगतो. वाटी म्हणजे घरातली आमटीची, साधारण २०० मिलिची.

कैरी १ किलो. गूळ पाऊण किलो घरात असू द्या, सगळा लागेलच असं नाही. वेलची ८-१०. केशराच्या १०-१५ काड्या, असल्या तर. मीठ पाव चमचा.

भांड्यांत कुकर, कुकरमध्ये बसणारा स्टीलचा डबा, पुरणयंत्र किंवा जाड चाळण, मोठं स्टीलचं पातेलं, सुती पंचा, कोरड्या काचेच्या बरण्या.

भांडं स्टीलचंच का, तर कैरीचं आम्ल ॲल्युमिनियम आणि पितळेला खातं. आजीचं पितळेचं पातेलं देखणं असतं, पण त्याची कल्हई उडालेली असेल तर त्यात आंबट पदार्थ ठेवणं म्हणजे पोटात तांबं घालणं. कुकर ॲल्युमिनियमचा असेल तर कैऱ्या थेट त्यात टाकू नका, डब्यात ठेवा.

४. चीक

देठाचा भाग सुरीने कापून कैऱ्या तासभर पाण्यात बुडवून ठेवा. देठातून निघणारा चीक अंगाला लागला तर आग होते, काहींना फोड येतात, आणि गरात उतरला तर घशाला खवखवतो. तासानंतर ते पाणी फेका, कैऱ्या चोळून धुवा. हे टाळून वेळ वाचवायला गेलात तर ओठांच्या कडेला कळेल.

५. उकडणं

कुकरच्या तळाला दोन पेले पाणी, वर डब्यात अख्ख्या कैऱ्या, सालीसकट. डब्यात पाणी घालायचं नाही. घातलं तर गर पातळ होतो आणि पुढचं सगळं प्रमाण बिघडतं. मध्यम आचेवर ३ शिट्ट्या. मोठ्या, जाड सालीच्या कैऱ्या असतील तर ४. पाच लिटरच्या कुकरमध्ये एका वेळी किलो-सव्वा किलो मावतात, त्याहून जास्त कोंबू नका.

शिट्टी उचलून वाफ काढायची सवय असेल तर आजच्यापुरती सोडा. दाब एकदम उतरला की साली फुटतात आणि गर कुकरभर होतो. आपोआप थंड होऊ द्या. बाहेर काढल्यावरही अर्धा तास हात लावू नका, कारण साल गार लागते आणि आतला गर तोंड पोळेल इतका गरम असतो.

चांगली उकडलेली कैरी हिरवी राहत नाही, शेवाळी पिवळी होते आणि साल बोटाने सरकते. आत कोयीजवळ कच्ची राहिली असेल तर आणखी एक शिट्टी द्या.

६. गर

साल सोला आणि तिच्या आतला गर चमच्याने खरवडा. तो टाकू नका, सगळ्यात रंगदार गर तिथेच असतो. मग कोय हातात धरून दाबत पिळा. कोयी एका वाडग्यात जपून ठेवा, शेवटी सांगतो का.

आता हा गर पुरणयंत्रातून काढा, नाहीतर चाळणीवर घासा. मिक्सर मोहात पाडतो, मलाही पाडला होता. पण मिक्सरमध्ये रेषांचे बारीक तुकडे होतात, ते गाळणीतूनही उतरतात आणि पिताना घशाशी येतात. पुरणयंत्रात रेषा वर राहतात. मिक्सर वापरायचाच झाला तर आधी चाळणीतून काढा आणि गर पूर्ण गार झाल्यावरच घाला. गरम गराने झाकण उडतं. आमच्या छतावर त्याचा डाग अजून आहे.

एक किलो कैरीतून अडीच ते तीन वाट्या गर मिळतो. मोजा आणि लिहून ठेवा. पुढचं सगळं या आकड्यावर चालतं.

७. गूळ, आणि आधी एक ग्लास

सगळ्या पाककृतींत लिहिलेलं असतं: एक वाटी गराला दीड ते दोन वाट्या गूळ. खोटं नाही ते. पण दीड आणि दोन यांच्यात केवढं अंतर आहे! साठ ग्लासांत ते अर्धा किलो गुळाचं होतं. कैरी कुठल्या झाडाची, किती जून, हे छापील प्रमाणाला कुठून कळणार? म्हणून अक्कांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती ही: "पातेलं राहू द्या बाजूला. आधी एक गिलास करा."

ती चाचणी अशी. नेहमीचा २०० मिलिचा ग्लास घ्या. पोहे खायच्या चमच्याने २ चमचे गर, ३ चमचे किसलेला गूळ, पाऊण ग्लास पाणी. ढवळा. बर्फाचा एक खडा टाका आणि गार झाल्यावरच चाखा. हा मुद्दा मला कुठल्याही पुस्तकात सापडला नव्हता. गार पेय जिभेला कमी गोड लागतं. कोमट असताना 'वा, बरोबर!' वाटलेलं पन्हं बर्फात गेल्यावर आंबट लागतं आणि मग ऐन वेळी साखरेचा डबा शोधावा लागतो.

आंबट वाटलं तर चौथा चमचा गूळ घाला. दोनाला तीन म्हणजे दीडपट, दोनाला चार म्हणजे दुप्पट. तुमच्या कैरीचं प्रमाण या एका ग्लासातून मिळालं. आता तेच गुणून सगळ्या गराला लावा. नुसत्या तोतापुरीला मला कधी सव्वापट गूळही पुरला आहे.

गुळाबद्दल थोडं सविस्तर, कारण पन्ह्याचं बरं-वाईट तोच करतो.

घेताना खडा तोंडात टाका. क्षारपड रानातल्या उसाचा गूळ खारट लागतो, चहात ते कळत नाही, पन्ह्यात कळतं. अगदी काळा गूळ घेतला तर काकवीची चव कैरीवर कुरघोडी करते आणि पन्ह्याचा रंग चहासारखा दिसतो. हळदीसारखा पिवळाधमक दिसला तर तो रंग उसाचा नाही, पांढरा करायच्या पावडरीचा असण्याची शक्यता जास्त. मधला, तांबूस-सोनेरी बरा. चिक्कीचा गूळ मात्र घेऊ नका. तो चिवट असतो, विरघळायला वेळ घेतो.

कितीही चांगला गूळ असला तरी त्यात कचरा आणि रेती निघते. थेट गरात घातलात तर शेवटच्या घोटाला दाताखाली करकर. म्हणून किलोभर कैरीच्या गुळाला अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर फक्त विरघळवा आणि पंच्यातून गाळा. खालचा गाळ बघितलात की पुन्हा कधी ही पायरी गाळणार नाही.

गाळलेला गूळ गरात घाला, पातेलं गॅसवर ठेवा, ढवळत राहा. एक उकळी आली, कडेने बुडबुडे फुटले, की बंद. इथेच माझा बुधवार वाया गेला होता. 'जरा आटलं की टिकेल' म्हणून वीस मिनिटं शिजवत बसलो आणि पळी उभी राहील असा चिकट गोळा झाला. सासूबाईंनी चव घेतली आणि निर्विकार चेहऱ्याने म्हणाल्या, "गुळांबा छान झालाय हं." तुमचाही झाला तर फेकू नका, पोळीबरोबर महिनाभर चालतो.

साखरेचं पन्हं करायचं असेल तर पद्धत हीच, पण साखर गुळापेक्षा थोडी कमी पुरते. रंग सुरेख पोपटी-पिवळा येतो. मला त्यात काहीतरी हरवल्यासारखं वाटतं, पण मुलांना तेच आवडतं, तेव्हा मी गप्प. आणि गूळ आहे म्हणून मधुमेह असलेल्यांना चालेल, असा समज असेल तर सोडा. गूळही साखरच आहे.

८. वेलची, केशर, मीठ

वेलची सालीसकट चमचाभर साखरेबरोबर कुटा आणि चाळून घ्या. साखरेमुळे दाणे बारीक होतात. गर गार झाल्यावर घाला, गरमात वास उडून जातो. केशर चमचाभर कोमट पाण्यात खलून घाला. नसलं तर काही बिघडत नाही. खाण्याचा रंग मात्र घालू नका, गुळाचं पन्हं तपकिरी सोनेरीच असतं, त्यात लाजण्यासारखं काय आहे?

मीठ विसरू नका. खारट लागायला नको, पण पाव चमच्याने आंबट-गोड दोन्ही उठून येतं.

अक्का आपल्या वाट्याच्या बरणीत चिमूटभर सुंठ आणि दोन मिरीदाणे कुटून घालतात. त्या तेलुगू, त्यांच्याकडे रामनवमीला पानकम असतं, गूळ, सुंठ, मिरी, वेलचीचं, आणि त्याची सवय जिभेला लागलेली. आपलं 'पन्हं'ही त्याच 'पानक' शब्दातून आलंय, म्हणजे भांडण नाहीच. पाडव्याला त्यांच्या उगादीच्या पच्चडीतही कैरी आणि गूळ असतोच, सोबत कडुनिंबाचा फुलोरा. सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू शेजारात राहिलात तर चैत्रात थोड्याच दिवसांत गुळाचे असे तीन अवतार दारावर येतात. सुंठीचं पन्हं एकदा करून बघा. मी हल्ली अर्धं तसंच करतो.

९. साठवायचा तो गर, पाणी नव्हे

एवढा एकच भाग वाचलात तरी माझा शुक्रवार सत्कारणी लागला म्हणेन.

पाणी घातलेलं पन्हं म्हणजे साखरेचं पातळ द्रावण. हवेतल्या यीस्टला याहून चांगलं घर नाही. घट्ट गूळ-गरात साखर आणि आम्ल दोन्ही इतकं असतं की त्यांना सहजी वाढता येत नाही. तेव्हा गर वेगळा, पाणी वेगळं, आणि दोघांची गाठ ग्लासातच.

सोलापुरात याला आणखी एक कारण आहे. नळाला पाणी रोज येत नाही. पिंपातलं तिसऱ्या दिवसाचं पाणी पातेल्यात ओतून रात्रभर ठेवणं म्हणजे पन्ह्याला स्वतःच्या हाताने विरजण लावणं.

बरण्या उकळत्या पाण्यातून काढून उन्हात कडकडीत वाळवा. ऊन आपल्याकडे फुकट आहे. गर गार झाला की भरा, वर दोन बोटं जागा सोडा, झाकणावर तारीख लिहा आणि फ्रीजमध्ये ठेवा. ओला चमचा घालायचा नाही. असा गर मी १०-१२ दिवस वापरतो. त्याहून जास्त ठेवायचा तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि खडे पिशवीत भरून फ्रीजरला ठेवा. एका ग्लासाला तीन-चार खडे. दोन-तीन महिने निघतात, आणि जूनमध्ये पाऊस लांबला की त्यांची किंमत कळते.

बरणी उघडताना 'फुस्स' झालं, वर बारीक बुडबुडे दिसले, किंवा दारूसारखा वास आला, की संपलं. पुन्हा उकळून वाचवायचा प्रयत्न करू नका. घट्ट झाकणाची बाटली बाहेर विसरलात तर ती स्फोटासारखी फुटूही शकते.

१०. ग्लासात

एका २०० मिलि ग्लासाला तयार गर ३ मोठे चमचे, वर गार पाणी, ढवळणं. बस्स. गर तळाशी बसतो, म्हणून देण्याआधी प्रत्येक वेळी ढवळा. नाहीतर पहिल्या पाहुण्याला नुसतं गोड पाणी आणि शेवटच्याला चटणी.

पाणी उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं. माठातलं असेल तर उत्तम. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे माठाच्या अंगातून झिरपणारं पाणी झपाट्याने वाळतं आणि आतलं गार होतं. कोकणातल्या दमट हवेत माठाला हे जमत नाही. माझा रत्नागिरीचा मेहुणा दर मे महिन्यात आमच्या माठाचं कौतुक करतो, शहराचं मात्र कधी नाही.

बर्फ घरचाच लावा. बाहेरून लादी आणायची वेळ आली तर खाण्याचा आहे का ते स्पष्ट विचारा. मासे आणि भाजी गार ठेवायचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा नसतो, आणि तो ओळखू यावा म्हणून त्याला निळसर रंग द्यायचा नियम आहे. निळसर झाक दिसली तर पैसे परत घ्या.

एक वेगळी गोष्ट. उन्हातून आलेल्याला पन्हं जरूर द्या. पण अंग भाजतंय, माणूस असंबद्ध बोलतोय, डोळे फिरवतोय, तर ग्लास खाली ठेवा. सावलीत आडवं करा, अंग ओलं करा आणि दवाखाना गाठा. शुद्ध नीट नसलेल्याच्या तोंडात काहीही ओतायचं नाही.

११. हळदीकुंकवाचा हिशेब

साठ बोलावल्या तर सत्तर धरा, लेकी-सुना बरोबर येतात. ग्लास छोटे, १५० मिलिचे. सोबत आंब्याची डाळ आणि भिजवलेले हरभरे असतात, मोठा ग्लास कुणी संपवत नाही.

सत्तर छोट्या ग्लासांना अडीच किलो कैरी, दोन किलो गूळ, आठ-नऊ लिटर पिण्याचं पाणी आणि वीसेक वेलच्या. कैऱ्या दोन दिवस आधी उकडा, गर-गूळ करून फ्रीजमध्ये टाका. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी पुन्हा एक चाचणी ग्लास. मग पंधरा-पंधरा ग्लासांपुरतंच पाणी मिसळत जा, पहिली पंधरा उठली की दुसरी. सगळं एकदम कालवायचा मोह होईल, लोक दारात असताना तर फारच. नका करू.

१२. फसलं तर

आंबट झालं: गूळ थेट किसून घालू नका, वाटीभर पाण्यात विरघळवून, गाळून घाला. फार गोड झालं: आणखी कैरी नसेल तर लिंबू पिळा. चव थोडी बदलते, पण कुणी विचारत नाही. कडवट लागतंय: काळा भाग किंवा कोवळी बी आत गेलीय, त्यावर इलाज नाही. पातळ झालं: आज पिऊन टाका, साठवू नका. वेलची जास्त झाली: केशरामुळे तसं वाटतंय, असं सांगा. मी सांगितलं होतं. प्लास्टरमधला हात हलवत बायको हसली, एवढंच.

१३. त्या कोयी

पिळलेल्या कोयींना अजून बराच आंबट गर चिकटलेला असतो. वाटीभर पाण्यात त्या कुस्करल्या तर आमटीला चिंचेची गरज पडत नाही. नाहीतर मीठ लावून मुलांच्या हाती द्या, तासभर घरात शांतता.

आमच्याकडच्या कोयी मात्र ठरलेल्या आहेत. अक्का वाडगं घेऊन येतात, "टाकू नका बरं का ओ," म्हणत सगळ्या उचलतात. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्याकडून मामिडिकाय पप्पूची, म्हणजे कैरीच्या डाळीची, वाटी येते, लाल मिरचीची फोडणी, वर तुपाचा थेंब, आणि डाळीत मधोमध आपलीच कोय.